बोअर, स्ट्रोक आणि सीसीचा हिशेब

(पाथर्डी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याची ढब छापतानाही तशीच ठेवली आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गणिताचे शिक्षक. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात इंजिनं शिकवली. गणिताच्या माणसाला वाहायचं पुष्प मी दुसऱ्या कुठल्या बागेतून आणणार? तेव्हा आज इंजिनाच्या सीसीबद्दल बोलतो. ते मोजतात कसं, वाढवतात कसं, आणि वाढवलं की नेमकं काय वाढतं.

पाथर्डीला हा विषय परका नाही. दसरा उलटला की तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पार कर्नाटकापर्यंत जातात. नगरहून येताना करंजी घाटात कुठलं इंजिन दमलंय आणि कुठलं रंगात आहे, हे नुसत्या आवाजावरून सांगणारी माणसं या मंडपात बसली असतील. आणि तरुण पोरांचं काय सांगावं! स्वतःचा रक्तगट ठाऊक नसेल, पण गाडीचं सीसी तोंडपाठ. मात्र बोलताना सीसी म्हणजेच ताकद, असं धरून बोललं जातं. माझं आजचं सगळं भांडण त्या एका समजुतीशी आहे. सीसी ही जागा आहे. त्या जागेत दर मिनिटाला काय आणि किती जळतं, त्यावर ताकद ठरते.

पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतो, तेवढं त्याचं सीसी. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनची एक धाव म्हणजे स्ट्रोक. हेडमधली ज्वलनाची जागा यात धरायची नाही. ती वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला स्ट्रोकनं गुणायचं, आणि जितके सिलिंडर तितक्या पटीनं वाढवायचं. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर आपोआप घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे सीसीतच येतं.

लेथवरचा कारागीर पायच्या वाटेला जात नाही. तो व्यासाचा वर्ग करतो आणि ०.७८५४ नं गुणतो. पायला चारनं भागलं की हाच आकडा मिळतो. आता जरा मागे जाऊ. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यात वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा नियम असा दिला आहे : व्यासाच्या वर्गाला ३९२७ नं गुणावं आणि ५००० नं भागावं. करून पाहा, बरोबर ०.७८५४ येतं, शेवटच्या अंकापर्यंत. आणि भास्कराचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. घाई असेल तर ११ नं गुणून १४ नं भागा, हे स्थूल उत्तर व्यवहाराला पुरतं, असंही सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. तिथला १२०७ सालचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. पुराणात विमानं होती असं सिद्ध करायला मी उभा नाही. भास्कराचार्यांनी इंजिन पाहिलं नव्हतं. पण आपल्या गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं सूत्र त्यांच्या नियमाहून तसूभर वेगळं नाही, एवढं मला गमतीचं वाटतं.

हा नियम आपल्या ओळखीच्या यंत्रावर चालवून पाहू. मळ्यात नुसतं ‘इंजिन’ म्हटलं की आपल्याकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन समजतात, आणि बऱ्याचदा ते किर्लोस्करांचं असतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली. तिचं एव्ही-१ नावाचं एक सिलिंडरचं इंजिन आहे : बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. आठाचा वर्ग ६४. त्याला ०.७८५४ नं गुणलं की ५०.२७, आणि अकरानं गुणलं की ५५२.९. कंपनी ५५३ सीसी लिहिते. आता स्थूल रीत : ६४ गुणिले ११, भागिले १४, पुन्हा गुणिले ११, म्हणजे ५५३.१. फरक ०.२ सीसीचा. व्यवहाराला पुरतं म्हणतात ते हे असं.

हे एव्ही-१ मिनिटाला १५०० फेऱ्यांवर पाच हॉर्सपॉवर देतं. त्याआधीच्या पिढीनं विहिरींवर वेगळंच इंजिन पाहिलं : इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या नमुन्याचं, मोठ्या चाकांचं, संथ ठोक्यांचं. राजकोटच्या कारखान्यांनी त्या नमुन्यावर इंजिनं काढली आणि ती देशभर गेली. त्याचा बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच. हिशेब केला तर सुमारे १४३३ सीसी भरतात. आणि ताकद? ६०० फेऱ्यांवर पाच हॉर्सपॉवर. म्हणजे एव्ही-१ च्या अडीचपटीहून मोठी जागा, आणि ताकद तेवढीच!

कोडं वाटतं, पण दोन ओळींत सुटतं. फोर स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेट घेतं. लिस्टर मिनिटाला ३०० वेळा हवा ओढतं, एका वेळी १४३३ सीसी, म्हणजे मिनिटाला ४३० लिटर. एव्ही-१ मिनिटाला ७५० वेळा ओढतं, एका वेळी ५५३ सीसी, म्हणजे ४१५ लिटर. दोघांचा मिनिटाचा हिशेब जवळपास सारखा, म्हणून ताकदही सारखी. यापुढे कुणी तुम्हाला फक्त सीसी सांगितलं तर लगेच विचारा, किती फेऱ्यांवर?

एव्ही-१ चा एक थोरला भाऊ आहे, टीव्ही-१. देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो इतक्या ठिकाणी बसवलेला आहे, की डिझेलवरचे कितीतरी भारतीय शोधनिबंध एकाच इंजिनावर उभे आहेत. मी त्याला कंटाळेपर्यंत चालवला आहे. त्याचा स्ट्रोक तोच, ११०. बोअर मात्र ८७.५. सीसी झालं ६६१. साडेसात मिलिमीटरनं जागा वीस टक्क्यांनी वाढली. का? बोअर हिशेबात वर्ग होऊन येतो. बोअर नऊ टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढतं. स्ट्रोक मात्र जेवढा वाढवाल तेवढ्याच टक्क्यांनी सीसी वाढतं. दहा वाढवला, दहाच मिळाले.

पण खरी मेख पुढे आहे. एव्ही-१ ची ताकद ३.७ किलोवॅट, टीव्ही-१ ची ५.२, आणि फेऱ्या दोघांच्याही १५००. म्हणजे जागा वाढली वीस टक्क्यांनी आणि ताकद चाळीस टक्क्यांनी. वरचे वीस टक्के बोअरनं दिलेले नाहीत. प्रत्येक ठोक्याला डिझेल जास्त जाळलं, आतला सरासरी दाब वाढवला, कॉम्प्रेशन रेशो (त्याचा अर्थ पुढे येईल) साडेसोळावरून साडेसतरावर नेला, आणि हे सगळं सोसतील असे भाग बनवले. बाजारातला माणूस म्हणतो, ‘बोअर मोठा केला, ताकद वाढली.’ कारखान्यातला माणूस जाणतो की निम्मं काम बोअरच्या बाहेर झालं आहे.

आता पोरांचा विषय. मुली हसताहेत, पण त्याही चालवतात, ठाऊक आहे मला. बजाजची पल्सर २००१ साली आली. पुण्याजवळच्या कारखान्यांत बोअर आणि स्ट्रोक कसे वाढवत नेले, ते शिकायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पहिल्या पल्सर १५० चा बोअर ५७ आणि स्ट्रोक ५६.४. हिशेब करा : १४३.९ सीसी. टाकीवर लिहिलं १५०. कुणी तक्रार केली नाही, कारण त्याआधी चेतक स्कूटरनंही तेच केलं होतं. ५७ बोअर आणि ५७ स्ट्रोक असलेल्या चेतकचे १४५.४५ सीसी होतात, आणि तिला दीडशेचीच गाडी म्हणत. पुढे पल्सरचा बोअर एकच मिलिमीटर वाढवून ५८ केला, आणि १४३.९ चे १४९ झाले. एका मिलिमीटरला पाच सीसी.

आता १८० ची पल्सर घ्या. स्ट्रोक तोच ५६.४, बोअर ६३.५, सीसी १७८.६. मग २००७ ची २०० सीसीची. स्ट्रोक पुन्हा तोच, बोअर ६७, सीसी १९८.८. म्हणजे ५७, ५८, ६३.५, ६७ असा बोअर वाढत गेला आणि स्ट्रोकला कुणी हात लावला नाही. यात कारखान्याचं शहाणपण आहे. स्ट्रोक बदलायचा तर क्रँकशाफ्ट बदलावा लागतो. बोअर बदलायचा तर सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि हेड बदललं तरी चालतं. खालचं घर बरंचसं तेच ठेवता येतं. पण बोअरलाही हद्द असते. सिलिंडरचे स्टड ठरलेल्या अंतरावर असतात. त्यांच्या मधली भिंत पातळ करत गेलं की एक दिवस ती तापून वाकडी होते.

त्या हद्दीपाशी पोचल्यावर २२० ची पल्सर करताना त्यांनी स्ट्रोकला हात घातला. बोअर ६७ च, स्ट्रोक ५६.४ वरून ६२.४. सीसी बरोबर २२०. इथे गॅरेजमधल्या पुष्कळांचा घोटाळा होतो. स्ट्रोक सहा मिलिमीटरनं वाढला, म्हणून पिस्टन सहा मिलिमीटर वर जाणार, असं ते धरतात. क्रँकपिन मध्यापासून जेवढी दूर असते त्याच्या दुप्पट स्ट्रोक असतो. तेव्हा सहाचा स्ट्रोक म्हणजे पिन तीन मिलिमीटरनं सरकली. पिस्टन वरच्या बाजूला तीननं चढतो आणि खालच्या बाजूला तीननं उतरतो. ते वरचे तीन मिलिमीटर कुठेतरी सामावावे लागतात. सिलिंडर तेवढा उंच करा, कनेक्टिंग रॉड आखूड करा, नाहीतर पिस्टनमधली गजन पिन वर घ्या. खालच्या तीन मिलिमीटरसाठी पिस्टनचा घेर क्रँकच्या पाळीला घासत नाही ना, हे पाहावं लागतं. आणि क्रँकचा तोल नव्यानं साधावा लागतो. हे शेवटचं काम झाडाखालच्या गॅरेजात होत नाही. तिथल्या माणसाच्या हाताबद्दल मला आदर आहे, तरी सांगतो, होत नाही.

स्ट्रोकबद्दल आणखी एक पक्का समज आहे : लांब स्ट्रोक म्हणजे जास्त ओढ, जास्त टॉर्क. घाटात ट्रॅक्टर चढवणारा प्रत्येक जण हे शपथेवर सांगेल. पण हिशेब पाहा. पिस्टनवरचा जोर बोअरच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि क्रँकची दांडी स्ट्रोकच्या निम्मी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे फिरून सीसीच. सीसी सारखं आणि आतला दाब सारखा, तर टॉर्क सारखाच येणार, मग स्ट्रोक लांब असो की आखूड. खरा फरक पडतो तो फेऱ्यांत. लांब स्ट्रोकच्या पिस्टनला एका फेरीत जास्त अंतर पळावं लागतं, म्हणून त्याच्या फेऱ्यांना आधीच लगाम बसतो, आणि अशा इंजिनाची सगळी रचनाच कमी फेऱ्यांवर चांगला श्वास घेईल अशी केलेली असते. घाटात जाणवते ती ही रचना, आणि शिवाय गिअर.

बजाजनंच याचा दाखला दिला. २०१२ साली आलेल्या पल्सर २०० एनएसचा बोअर ७२ आणि स्ट्रोक फक्त ४९. सीसी १९९.५. जुन्या २०० पल्सरपेक्षा पाऊण सीसीही जास्त नाही. पण जुनीची ताकद ८००० फेऱ्यांवर १८ पीएस होती, नवीची ९५०० वर साडेतेवीस. रुंद बोअरमुळे हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आणि तीन प्लगना जागा मिळाली, थंड ठेवायला पाणी दिलं, आणि आखूड स्ट्रोकनं फेऱ्यांची मोकळीक दिली. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट गुणिले सेकंदाच्या फेऱ्या. २२० ची पल्सर ८५०० फेऱ्यांवर सेकंदाला १७.७ मीटर, एनएस हजार फेऱ्या जास्त मारूनही साडेपंधरा मीटर. आणि आपलं विहिरीवरचं टीव्ही-१? साडेपाच मीटर. ते उगीच वर्षानुवर्षं चालत नाही.

सीसी वाढवायची तिसरी वाट ट्रॅक्टरवाल्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. महिंद्रा ५७५ चे चार सिलिंडर, २७३० सीसी. महिंद्रा २६५ चे तीन सिलिंडर, २०४८ सीसी. २७३० चे तीन चतुर्थांश करून पाहा. सिलिंडर तोच, ८८.९ बोअर आणि ११० स्ट्रोक. फक्त एक कमी. आणि बारामतीच्या अॅपे रिक्षेचं ग्रीव्ह्ज इंजिन? आधी ८६ बोअर, ६८ स्ट्रोक, ३९५ सीसी. नंतर बोअर तोच ठेवून स्ट्रोक ७५ केला आणि ४३५ झाले. बोअर, स्ट्रोक, सिलिंडर, तिन्ही वाटा आपल्या रस्त्यावरच सापडतात.

आता थोडं सरकारबद्दल. त्याशिवाय पाथर्डीत व्याख्यान पुरं होत नाही. इंजिनाची मापं अभियंते ठरवतात असं आपण समजतो. बऱ्याचदा ती कर ठरवतो. इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर हॉर्सपॉवरला एक पौंड कर होता. पण ती हॉर्सपॉवर मोजायची रीत अजब. बोअरचा इंचांत वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येनं गुणा, अडीचनं भागा. स्ट्रोक हिशेबातच नाही! मग काय, तिथल्या कंपन्यांनी बोअर चिंचोळे ठेवले आणि स्ट्रोक लांबवले. ऑस्टिन सेव्हन ही प्रसिद्ध छोटी गाडी पाहा. बोअर २.२ इंच, स्ट्रोक ३ इंच, चार सिलिंडर, ७४७ सीसी, आणि कराची हॉर्सपॉवर भरली पावणेआठ. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कर गेला आणि बोअर पुन्हा रुंदावले.

आपल्याकडे मोजतात सीसीच. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंत. शेजारी नगरला कायनेटिकनं १९७२ साली काढलेली लूना पन्नास सीसीचीच, आणि या तालुक्यातल्या किती शिक्षकांच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्यांच्या संसाराला तिनं चाकं दिली ते तुम्ही जाणता. विम्याच्या पायऱ्या सीसीवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला अठरा टक्के जीएसटी आणि त्यावर गेली की चाळीस. आता नव्या बुलेटचं माप पाहा : बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, सीसी ३४९.३४. जुनी ७० गुणिले ९० ची ३४६ होती. दोघी ३५० च्या उंबरठ्याच्या आतच. आणि उरलेली गोष्ट अशी, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ मापांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करू देत नाही. तेव्हा बोअर मोठा करून, वेगळा क्रँक घालून रस्त्यावर फिरणाऱ्या मित्रांनी अपघातानंतर विमा कंपनी काय विचारील याचा विचार आधी करावा.

मग गावात रोज जे ‘बोअर करणं’ चालतं ते काय? ती दुरुस्ती आहे, आणि ती करायलाच हवी. सिलिंडर झिजतो तो सगळीकडून सारखा झिजत नाही. वर, जिथे पहिली रिंग परत फिरते, तिथे जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या दोन बाजूंना रेटतो त्या बाजूंना जास्त. म्हणून तो वर रुंद, खाली अरुंद आणि जरा लंबगोल होतो. तो पुन्हा गोल आणि सरळ करायचा म्हणजे कापावा लागतो, आणि कापला की मोठा पिस्टन लागतो. असे पिस्टन पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर जास्त अशा मापांत मिळतात. गुरुजींची पावकी, निमकी, पाऊणकी इथे कामाला येते. स्प्लेंडरचं मूळ माप ५० बोअर, ४९.५ स्ट्रोक, ९७.२ सीसी. पाव मिलिमीटरनं बोअर केला तर ९८.२. पूर्ण एक मिलिमीटरनं केला तरी १०१. बोअर करून आणल्यावर गाडी नव्यासारखी पळते, ती या दोन-चार सीसीमुळे पळत नाही. रिंगा पुन्हा भिंतीला घट्ट बसल्या आणि निसटणारं कॉम्प्रेशन परत मिळालं, म्हणून पळते.

आता हेडमधल्या जागेकडे येऊ. सीसी आणि ती जागा यांची बेरीज करून त्या जागेनं भागलं की कॉम्प्रेशन रेशो येतो. एव्ही-१ चा रेशो १६.५ म्हणजे वरची जागा ३५.७ सीसी. बोअर ८१ केला आणि ही जागा तेवढीच राहिली, तर सीसी ५६७ आणि रेशो १६.९ होतो. डिझेल हे सहज सोसतं. पेट्रोल इंजिनात मात्र बोअर मोठा केला, वर हेडही घासलं आणि पातळ गॅस्केट टाकलं, तर चढावर खडखड सुरू होते. ती खडखड म्हणजे पेट्रोल आपल्या वेळेआधी पेटतंय.

ट्रॅक्टरवाल्यांनो, बऱ्याच ट्रॅक्टरांना लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतलं बदलता येणारं अस्तर, असतो. तो बदलला की माप मूळचं होतं, कापायची गरज पडत नाही. पण सिलिंडर कापायलाच टाकणार असाल, तर टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात टाकू नका. आधी बोअर गेजनं वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी माप घ्यायला लावा. पिस्टन आधी आणा. कारागिराला तो मायक्रोमीटरनं मोजू द्या आणि त्याच्या मापाला, कंपनीनं सांगितलेली मोकळीक ठेवून, सिलिंडर कापू द्या. शेवटी होनिंग करून घ्या, म्हणजे तेल धरायला भिंतीवर बारीक आडव्या-तिडव्या रेघा पडतात. आणि बिलावर नुसतं ‘बोअर केला’ असं न लिहिता कितव्या ओव्हरसाईझवर नेला ते लिहून घ्या, कारण अजून एकदा कापायला भिंत शिल्लक आहे की लायनरच घालावा लागेल, हे पुढच्या वेळी त्या आकड्यावरूनच कळेल.